गुरूच्या शोधात युरोपकडे

सोडमुंजीच्या वेळी आपल्याकडे एक गमतीचा विधी होतो. पायांत जोडा, हातात छत्री असा थाट करून बटू काशीला विद्याध्ययनासाठी निघतो. चार पावले जातो न जातो तोच मामा आडवा येतो आणि “काशीला जाऊ नकोस, माझी मुलगी तुला देतो” असे सांगून त्याला परत फिरवतो. मंडळी हसतात आणि पंगतीकडे वळतात. पण त्या थट्टेत शेकडो वर्षांचा एक समज साठलेला आहे: विद्या हवी असेल तर दूर जावे लागते, आणि जे दूर जावयाचे ते काशीला.

आज त्याच काशीत, हिंदू विश्वविद्यालयाच्या वसतिगृहांत राहणारी मुले आणि मुली आणखी पश्चिमेकडे दृष्टी लावून बसलेली आहेत. कोणाला हायडेलबर्ग खुणावते, कोणाला लायडन, कोणाला केंब्रिज. एम.ए. किंवा एम.एस्सी. पुरी होत आलेली असते, संशोधनाची गोडी लागलेली असते आणि युरोपातील एखाद्या विद्यापीठात डॉक्टरेटसाठी जागा मिळावी अशी इच्छा असते. त्यांना आडवा येणारा मामा आता उरला नाही. परंतु वाट दाखविणारा मामाही बहुतेकांना लाभत नाही. श्रोतेहो, आज आपल्याशी बोलावयाचे आहे ते या वाटेविषयी. ही जागा म्हणजे नेमके काय, ती शोधावी कशी आणि मागावी कशी, याविषयी.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण शाळेपासून ‘प्रवेश’ या शब्दाला सरावलेलो आहोत. गुण किती, यादी केव्हा लागणार, जागा किती, एवढेच आपण विचारतो. डॉक्टरेटच्या जागेचे तसे नसते. तेथे एक प्रश्न असतो, तो प्रश्न ज्याच्या मनात घोळत आहे असा एक अध्यापक असतो, आणि त्या प्रश्नावर तीन-चार वर्षे काम करण्यासाठी त्याला एक तरुण सहकारी हवा असतो. विद्यापीठाचे नाव त्यानंतर येते. जर्मन भाषेत मार्गदर्शक अध्यापकाला ‘डॉक्टरफाटर’, म्हणजे ‘डॉक्टर-पिता’, म्हणण्याची रीत आहे. स्त्री मार्गदर्शक असल्यास ‘डॉक्टरमुटर’, म्हणजे माता. आपल्या काशीत तरी दुसरे काय होते? कोणत्या पाठशाळेत शिकलास, असे तेथे क्वचितच कोणी विचारी. कोणाजवळ शिकलास, असे विचारीत. बाहेरून अगदी परकी वाटणारी ही युरोपीय व्यवस्था आतून आपल्या जुन्या गुरुपरंपरेच्या बरीच जवळची आहे. ही गोष्ट ज्याच्या ध्यानात आली त्याचे अर्धे काम झाले.

काशीतील एका मराठी घराचेच उदाहरण घेऊ. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९२८ साली मुंबईहून बी.एस्सी. होऊन केंब्रिजला गेले. तेथील गणिताच्या परीक्षेत त्यांनी उज्ज्वल यश मिळविले, आणि पुढे अमेरिकेत जाऊन संशोधन करण्याचा त्यांचा विचार होता. परंतु पंडित मदनमोहन मालवीयांनी त्यांना काशीला बोलाविले. तो बेत बाजूला ठेवून ते १९३२ साली हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाचे प्रमुख म्हणून आले. वय अवघे चोविशीच्या आसपास. पुढे सुमारे अठ्ठावीस वर्षे ते तेथे होते, आणि आइनस्टाइनच्या सापेक्षतावादाचा अभ्यास करणारी एक परंपरा त्यांनी गंगेच्या काठी उभी केली.

त्यांचे चिरंजीव जयंत विष्णु नारळीकर विश्वविद्यालयाच्या परिसरातच वाढले. त्यांच्या घरात भिंतीवर फळे लावलेले होते, आणि एम.एस्सी. करण्यासाठी त्यांच्याकडे राहिलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्या फळ्यावर भाच्यासाठी गणितातील एखादे आव्हानाचे कोडे लिहून ठेवीत. कोडे सुटेपर्यंत ते तेथेच राही. सोडमुंजीतला मामा भाच्याला वाटेतून परत आणतो. या मामांनी भाच्याला वाटेला लावले. दुसरे मामा, संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार, हेही केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट करून आलेले. असे घर लाभलेला मुलगा १९५७ साली काशीची बी.एस्सी. घेऊन केंब्रिजला गेला, यात नवल नाही.

परंतु त्यांनी तेथे जाऊन काय केले, हे आजच्या विद्यार्थ्याने नीट पाहावे. ते एकदम संशोधनाला लागले नाहीत. हाती पदवी असूनही ते पुन्हा पदवीच्या विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले, १९५९ साली रँग्लर झाले, त्यानंतरची प्रगत परीक्षा दिली, आणि मगच फ्रेड हॉईल यांचे संशोधन-छात्र झाले. १९६३ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. म्हणजे पुढे जाण्यासाठी त्यांनी आधी एक पायरी मागे घेतली. आजही युरोपच्या मुख्य भूमीवर डॉक्टरेटपूर्वी बहुधा एम.ए.-एम.एस्सी.च्या तोडीची पदवी लागते, आणि ज्याची तयारी थोडी कमी आहे त्याने तिकडेच दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करणे हा कमीपणा नव्हे. युरोपीय संघाच्या ‘इरास्मुस मुंडुस’ नावाच्या योजनेत अशा संयुक्त अभ्यासक्रमांसाठी शिष्यवृत्त्या मिळतात, आणि त्या निमित्ताने दोन-तीन देशांतील अध्यापकांची ओळख होते.

दुसरी गोष्ट गुरूच्या निवडीची. हॉईल हे त्या काळी वादळाच्या मध्यभागी उभे होते. विश्वाला आरंभ नाही, ते सदैव आजच्यासारखेच होते, असे सांगणारा स्थिर-स्थितीचा सिद्धांत त्यांनी आणि इतर दोघांनी १९४८ साली मांडला होता. १९६१ च्या आरंभी मार्टिन राइल यांनी आपल्या रेडिओ-निरीक्षणांच्या आधारे तो सिद्धांत खोटा ठरला असे जाहीर केले. त्याचे उत्तर हॉईल आणि नारळीकर यांनी मिळून तयार केले, आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत ते मांडण्याचे काम पहिल्याच वर्षात असलेल्या या विद्यार्थ्यावर येऊन पडले. पुढे १९६५ साली विश्वातील सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. गुरुशिष्यांची ही जोडी अल्पमतात राहिली. गुरू निवडताना आपण त्याचे स्नेही, त्याचे विरोधक, त्याचे वाद आणि त्याची काम करण्याची रीत ही सारी निवडीत असतो, हे यावरून दिसेल. नारळीकरांना या निवडीचा पश्चात्ताप झाल्याचे त्यांच्या पुढील आयुष्यात कोठे दिसत नाही. परंतु निवड डोळे उघडे ठेवून करावी हे खरे.

गुरूशी मतभेद झाला तर काय, असाही प्रश्न येतो. इरावती कर्वे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. तेथील मानववंशशास्त्राच्या संस्थेत ऑइगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता आणि वंश यांचा संबंध आहे, असे त्यांचे अनुमान होते. इरावतीबाईंनी कवट्यांची मापे घेतली, हिशेब मांडला, आणि असा कोणताही संबंध दिसत नाही असा निष्कर्ष लिहिला. ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून, त्याच्याच अनुमानाला मापांनी उत्तर देणे याला धैर्य लागते. ते त्यांनी दाखविले, आणि पदवीही मिळविली. कमला सोहोनींची गोष्ट वेगळी. त्या केंब्रिजला डेरेक रिक्टर यांच्याजवळ काम करू लागल्या. ते अन्यत्र गेल्यावर रॉबिन हिल यांच्याजवळ त्यांनी वनस्पतींवर काम केले, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते हे दाखविले, आणि १९३९ साली डॉक्टरेट घेतली. मार्गदर्शक बदलू शकतो, विषय वळू शकतो. म्हणून अर्ज करतानाच पाहून ठेवावे की, त्या विभागात आपल्या विषयाचा जाणकार एकच आहे, की दुसरा आधारही आहे.

आता आजच्या वाटेकडे वळू. युरोपात डॉक्टरेटच्या घरात शिरण्यास साधारणपणे तीन दरवाजे आहेत.

पहिला दरवाजा नोकरीचा. नेदरलंड्स, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, स्वित्झर्लंड या देशांत, आणि जर्मनीतही पुष्कळ ठिकाणी, डॉक्टरेटचा विद्यार्थी हा विद्यापीठाचा पगारदार असतो. जागेची जाहिरात निघते. तीत प्रकल्पाचा विषय, अपेक्षित तयारी, पगार आणि शेवटची तारीख दिलेली असते. नेदरलंड्समध्ये मुदत बहुधा चार वर्षांची. स्वीडनमध्येही अभ्यास चार वर्षांचा, आणि थोडे अध्यापन सांभाळले तर तो पाचांपर्यंत जातो. डेन्मार्कमध्ये तीन वर्षे. येथे प्रश्न अध्यापकाने ठरविलेला असतो आणि आपण त्या कामाला योग्य आहोत हे दाखवावयाचे असते. युरोपीय आयोगाच्या ‘यूरॅक्सेस’ या सेवेवर अशा जाहिराती एकत्र पाहावयास मिळतात.

दुसरा दरवाजा स्वतःच्या प्रस्तावाचा. ब्रिटनमध्ये, जर्मनीतील व्यक्तिगत डॉक्टरेटमध्ये आणि भाषा-इतिहास-तत्त्वज्ञान या विषयांत सर्वत्र हा अधिक चालतो. येथे प्रश्न आपला असतो. आपण अध्यापक शोधतो, त्याची संमती मिळवितो, आणि पैशाची सोय शिष्यवृत्तीतून करतो. जर्मनीसाठी ‘डाड’ या नावाने ओळखली जाणारी जर्मन शैक्षणिक विनिमय संस्था आहे. ब्रिटनसाठी राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आहे. केंब्रिजची गेट्स आणि ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती आहे.

तिसरा दरवाजा संघटित संशोधनशाळांचा. जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संशोधनशाळा विद्यार्थ्यांची तुकडी निवडतात. युरोपीय संघाच्या पैशावर चालणाऱ्या मारी स्क्लोदोव्स्का-क्यूरी जाळ्यांत अनेक देशांच्या संस्था मिळून विद्यार्थी घेतात. या जाळ्यांचा एक नियम आपल्याला अनुकूल आहे: ज्या देशात जागा आहे, त्या देशात उमेदवाराने मागील ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेले किंवा मुख्य काम केलेले नसावे. तेथल्याच मुलाला जी अडचण, ती काशीतल्या मुलीला सोय.

कोणत्याही दरवाजाने जावयाचे असले तरी शोधाचा आरंभ वाचनापासून होतो. आपल्या एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी आपण जे लेख वाचले, त्यांपैकी ज्या लेखांनी आपल्याला खरोखर थांबविले, ते काढून पुढे ठेवावेत. ते कोणी लिहिले, गेल्या पाच वर्षांत त्यांनी काय केले, त्यांचे आजचे विद्यार्थी कोण, पूर्वीचे विद्यार्थी किती वर्षांत पुरे झाले आणि पुढे कोठे गेले, हे पाहावे. ही सर्व माहिती आता घरबसल्या मिळते. शक्य तर त्यांच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला नम्रपणे विचारावे, “तेथे काम करणे कसे असते?” अध्यापकाची कीर्ती त्याच्या लेखांतून कळते, त्याचा स्वभाव मात्र शिष्यांकडूनच कळतो. अशी आठ-दहा नावांची यादी झाली, म्हणजे शोध योग्य मार्गावर आला असे समजावे.

मग पत्र. या एका गोष्टीत आपल्याकडील पुष्कळ गुणी विद्यार्थी घसरतात. एकच मजकूर तयार करावयाचा, वर ‘आदरणीय महोदय’ लिहावयाचे आणि तो शंभर-दोनशे अध्यापकांना धाडून द्यावयाचा, ही रीत फार बोकाळली आहे. वाचणारा पहिल्या ओळीतच ओळखतो की हे पत्र आपल्याला लिहिलेले नाही. कित्येकदा तर ‘महोदय’ ज्यांना लिहिले त्या महोदया असतात! तिकडे ‘प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव एवढे संबोधन पुरते. आपल्या थोर विद्यापीठाची कीर्ती ऐकून धन्य झालो, असल्या वाक्यांचा तेथे काही उपयोग नाही.

एक उदाहरण कल्पू. काशीत शिकणाऱ्या एका मुलीने बलिया जिल्ह्यातील भूजलात आढळणाऱ्या आर्सेनिकवर एम.एस्सी.चे काम केले आहे. स्वित्झर्लंडमध्ये ‘एआवाग’ ही जलसंशोधनाची संस्था आहे आणि भूजलातील आर्सेनिक हा तेथील अभ्यासाचा एक विषय आहे. या मुलीने तेथील अध्यापकाला काय लिहावे? मी अमुक विभागात शिकते. गंगेच्या मैदानातील इतक्या विहिरींचे नमुने घेऊन मी हे मोजले. आपल्या अमुक लेखातील पद्धत वापरली, परंतु उथळ विहिरींत आकडे जुळेनात. ते का जुळत नाहीत हे मला समजून घ्यावयाचे आहे. अमुक यंत्रावर काम करता येते, अमुक संगणकीय भाषा येते. येत्या वर्षी आपल्याकडे जागा होण्याचा संभव आहे काय? एवढेच. दहा-बारा ओळी, सोबत दोन पानांचा परिचय आणि गुणपत्रक. ‘आकडे जुळेनात’ या दोन शब्दांत जेवढी शिफारस आहे तेवढी दहा प्रशस्तिपत्रांत नाही, कारण संशोधकाला दुसरा संशोधक तेथेच ओळखू येतो. उत्तर न आल्यास दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण द्यावी. त्यानंतरही मौन असेल तर पुढे जावे. अध्यापकाच्या मौनाचा अर्थ बहुधा जागा नाही, पैसा नाही किंवा वेळ नाही एवढाच असतो. तो आपल्या बुद्धीवरचा निकाल नव्हे.

जाहिरात निघालेल्या जागेसाठी मात्र तिच्यात मागितले असेल ते सर्व, मागितले असेल त्याच क्रमाने आणि मुदतीच्या आत द्यावे. बहुधा परिचयपत्र, गुणपत्रके, प्रबंधाचा सारांश, आपण ही जागा का मागतो याचे एक-दोन पानी निवेदन, इंग्रजीच्या परीक्षेचे प्रमाणपत्र आणि दोन किंवा तीन शिफारसदारांची नावे मागितली जातात. शिफारसपत्रांविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडे विद्यार्थ्यानेच मजकूर लिहून आणावा आणि अध्यापकाने खाली सही करावी, असा प्रघात कोठे कोठे आहे. तिकडे शिफारस गुप्तपणे, थेट अध्यापकाकडून जाते, आणि ‘विद्यार्थी आज्ञाधारक व सुस्वभावी आहे’ या वाक्याने तेथे काहीच सिद्ध होत नाही. विद्यार्थी कोठे अडला आणि त्यातून कसा बाहेर आला, हे सांगणारे पत्र उपयोगी पडते. म्हणून विभागप्रमुखांच्या मोठ्या नावामागे न लागता, ज्यांनी आपल्याला काम करताना पाहिले आहे त्यांनाच विनंती करावी. महिनाभर आधी करावी. आणि सोबत आपला प्रबंध व जाहिरात त्यांच्या हाती द्यावी. येथे आपल्या अध्यापकवर्गालाही एक विनंती आहे. एका पत्राला तुमचा एक तास लागेल. त्या मुलाची चार वर्षे त्यावर अवलंबून असतात.

मुलाखत आता बहुधा दूरदृश्य माध्यमातून होते. आपले काम दहा मिनिटांत, त्या विषयाबाहेरच्या माणसालाही समजेल असे सांगण्याचा सराव करावा. जे येत नाही ते ‘येत नाही’ म्हणावे, आणि ते शोधण्यासाठी काय करीन हे सांगावे. आपल्यालाही विचारण्याचा अधिकार आहे, हे विसरू नये. पगार किती वर्षांचा, दुसरा मार्गदर्शक कोण, काम लांबले तर पुढील सोय काय, हे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही. उलट, न विचारणारा उमेदवार त्यांना अननुभवी वाटतो.

पैशाचा विषय तर सर्वांत नाजूक. घरची परिस्थिती बेताची म्हणून कित्येक मुले अर्जच करीत नाहीत. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, पहिल्या आणि तिसऱ्या दरवाजाने जाणाऱ्याला पगार मिळतो. त्याला घर विकावे लागत नाही. शिष्यवृत्तीच्या वाटाही आहेत. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेला परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जरूप मदतीचा निधी आजही चालू आहे. अनुसूचित जातींच्या, भटक्या-विमुक्तांच्या, भूमिहीन शेतमजुरांच्या आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी भारत सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे; महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. ते नाव तेथे शोभते, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली आपले अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना साहाय्य केले होते. प्राध्यापकी करून साठविलेले पैसे, मित्राचे कर्ज आणि महाराजांची मदत यांवर ते गेले, मध्यंतरी १९२१ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदविले, आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला लंडनने १९२३ साली डी.एस्सी. दिली. ज्याच्यामागे घराची श्रीमंती नव्हती, शाळेत ज्याला वेगळे बसविले होते, त्याने ही वाट चोखाळली आहे.

याच ठिकाणी एक इशाराही दिला पाहिजे. ‘तुम्ही पैसे भरा, आम्ही डॉक्टरेटची जागा मिळवून देतो’ असे सांगणारे मध्यस्थ आता शहराशहरांत बसले आहेत. अर्जाचे लहानसे शुल्क काही विद्यापीठे घेतात, ते निराळे. परंतु पगाराची खरी जागा मध्यस्थाच्या हातात नसते. ती त्या अध्यापकाच्या आणि निवडसमितीच्या हातात असते. बापाच्या भविष्यनिर्वाह निधीतले पैसे अशा ठिकाणी घालण्यापूर्वी मुलाने एक पत्र स्वतः लिहून पाहावे.

काशीच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपण रिकाम्या हाताने दारात उभे आहोत असे त्याने मानू नये. ही ये-जा कधी एकमार्गी नव्हती. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री १८४२ सालापासून काशीच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवू लागले आणि त्यांनी भारतीय ज्योतिषाबरोबर युरोपीय गणितही आपल्या विद्यार्थ्यांना दिले. लंडनच्या विद्वत्संस्थेने त्यांना सन्माननीय सभासद केले. जर्मनीत जन्मलेले जॉर्ज थिबो त्याच महाविद्यालयात आले आणि पंडित सुधाकर द्विवेदींच्या बरोबरीने बसून त्यांनी वराहमिहिराची ‘पंचसिद्धान्तिका’ १८८९ साली प्रसिद्ध केली. आज हायडेलबर्ग, हँबुर्ग, लायडन येथे संस्कृत आणि हस्तलिखिते यांचा अभ्यास चालतो. त्या महाविद्यालयाचेच आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय झाले आहे, आणि त्याच्या सरस्वती भवनातील पोथ्या हाताळलेला, जुन्या लिप्या वाचू शकणारा विद्यार्थी तेथे काही मागावयास जात नाही, तर आपल्याजवळचे काही घेऊन जातो. प्रबंधाच्या शेवटी होणारी चर्चाही त्याला परकी वाटू नये. नागपंचमीला काशीत नागकुपावर शास्त्रार्थ होतो. नेदरलंड्समध्ये विद्यार्थी सर्वांसमक्ष आपल्या प्रबंधाचे मंडन करतो, आणि वेळ संपली की दंडधारी सेवक आत येऊन ‘होरा एस्ट’ असे पुकारतो, म्हणजे ‘वेळ झाली’. तो लॅटिन भाषेतील ‘होरा’ आणि आपल्या ज्योतिषातील ‘होरा’ हे दोन्ही एकाच ग्रीक शब्दाचे वंशज आहेत.

आणि जागा मिळालीच नाही तर? पहिल्या वर्षी पुष्कळांना मिळत नाही. एकेका जागेसाठी अनेक देशांतून अर्ज येतात, आणि नकाराची पत्रे जपून ठेवावयाची सवय या वाटेवर करावीच लागते. अशा वेळी १९४२ सालची एक हकीगत आठवावी. प्रल्हाद चुनिलाल वैद्य हे गुजरातेतील तरुण गणिताचे अध्यापक, सापेक्षतावादावर काम करण्याची इच्छा बाळगून, पत्नी व तान्ह्या मुलीसह काशीला विष्णु वासुदेव नारळीकरांजवळ येऊन राहिले. जागा नव्हती, वेतन नव्हते. साठविलेल्या पैशांवर सुमारे दहा महिने भागले. तेवढ्या अवधीत, देशात ‘चले जाव’ची चळवळ धगधगत असताना, प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याच्या भोवतालच्या गुरुत्वक्षेत्राचे त्यांनी जे गणित मांडले, ते आज जगभर ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने शिकविले जाते. वैद्यांना समुद्र ओलांडावा लागला नाही. त्यांना ज्याच्याजवळ आपला प्रश्न होता असा माणूस हवा होता, आणि तो काशीत होता. तेव्हा युरोपची यादी करताना आपल्या देशातील नावेही त्याच कसोटीला लावून त्या यादीत घालावीत, हे बरे.

शेवटी परतण्याविषयी. विष्णु वासुदेव केंब्रिजहून काशीला आले. जयंतराव १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ साली पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेचे संस्थापक-संचालक झाले. भारतातील कोणत्याही विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला तेथे येऊन काम करता यावे, हा त्या संस्थेचा हेतू. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. प्रत्येकाने परत यावेच, असा आग्रह धरता येणार नाही. ज्याचे त्याचे आयुष्य, ज्याची त्याची ओढ. पण जो जाईल त्याने, जेथे असेल तेथून, मागे राहिलेल्यांपैकी एखाद्याचे पत्र वाचून दुरुस्त करून द्यावे, एखाद्याला खऱ्या जाहिरातीचा पत्ता सांगावा, एखाद्याला सुचवावे की या अध्यापकाकडे जाऊ नकोस, त्यांच्याकडे जा. नारळीकरांच्या घरी फळा होता आणि त्यावर लिहिणारा मामा होता. ज्यांच्या घरी तो नाही अशी मुले आज काशीत, नांदेडला, गडचिरोलीला, बेळगावात मोठ्या आशेने अर्ज भरीत बसली आहेत. त्यांच्यासाठी चार ओळी लिहिण्याइतका वेळ आपल्यापैकी पुष्कळांजवळ आहे.